शकूनं ओळखलेली गाठ

दाजींचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगात होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. वांगी रंगाची टाकी उकळायला लागली होती आणि सुताच्या लड्या आत सोडायची ती नेमकी वेळ होती. खिशातला फोन वाजला, बायकोनं काढून नाव वाचलं, "दाजी हायत." मी म्हटलं, वाजू दे. परत वाजला. म्हटलं, वाजू दे की, कानाला काय भोक पडतंय? शकूच्या घरातून आलेला फोन घ्यायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की आमच्या घरात मला समजवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तिसऱ्यांदा बायकोनं मला न विचारता फोन कानाला लावला. तिचं तोंड बघूनच मी टाकीखालचा जाळ काढायला सांगितलं. माझी धाकटी बहीण शकुंतला ऑफिसला निघताना, चपला घालता घालता, दारातच खाली बसली ती उठलीच नाही. चोपन्न वर्षांची होती. मी दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं... अंत्यविधीला माझे हात तसेच वांगी होते. साबणानं निघणारा रंग आम्ही करत नाही. लोक माझ्या हातांकडं बघत होते आणि मी तिच्या पायांकडं बघत होतो. एका पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठला होता.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. शकू प्रदूषण खात्यात अधिकारी होती, निपाणीकडचा भाग तिच्याकडं होता. माझं बेळगावात, वडगावला, डाईंग आहे. मागवाल्यांना साडीचं सूत रंगवून द्यायचं हा आमचा बापापासूनचा धंदा. तिला माझ्याकडनं एक जबाब हवा होता. एका माणसाचं नाव सांगायचं, तो काय करायचा ते सांगायचं आणि खाली सही करायची, बस्स. वर्षभर ती मागत होती आणि वर्षभर मी दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागलो की वाचणाऱ्यानं मला फार चांगला भाऊ समजू नये.

लहानपणी आमच्या घरात रंगाचा वास नसलेली एकच जागा होती, माडीवरची खोली, आणि ती शकूनं अभ्यासासाठी बळकावली होती. मी दहावीनंतर टाकीपाशी उभा राहिलो, तिनं मात्र बापाशी भांडून कॉलेज गाठलं. केमिस्ट्री घेतली. रविवारी खाली येऊन बापाला सांगायची, "आप्पा, तुमी टाकताय ती सोड्याची पूड म्हंजे काय ठाव हाय का?" आप्पा म्हणायचे, "मला रंग बसतोय का न्हाई एवढं ठाव हाय." पण तिनं कागदावर लिहून दिलेलं माप ते गुपचूप वापरायचे. आमचा वांगी रंग आज खडेबाजारातले दुकानदार नाव घेऊन मागतात, त्यात निम्मी करामत तिची आहे. सूत हाताळायचं मात्र दोघांनाही आईनं शिकवलं. आमच्या आईची लडी बांधायची एक गाठ होती. दोन वेढे द्यायचे, फास काढायचा आणि टोक परत उलट्या बाजूनं आत खोचायचं. पाण्यात भिजली, उकळली तरी सैल पडायची नाही, आणि टोक हिसकलं की एका झटक्यात सुटायची. गल्लीत दुसऱ्या कुणाला ती जमली नाही. आई शिकवायची पण नाही कुणाला. उंबऱ्यावर आम्हां दोघांना बसवून तिनं शिकवली, आणि चुकलं की बोटांवर फटका द्यायची.

शकू नोकरीला लागली तेव्हा खात्याचं नावसुद्धा लोकांना नीट घेता येत नव्हतं. "प्रदूषणवाली बाई" एवढंच म्हणायचे. बाई माणूस, त्यात अंगानं किरकोळ, हातात एक प्लॅस्टिकची बरणी; नाल्यात उतरून पाणी भरून घ्यायची. कारखानदार खुर्ची मांडायचे, थंड मागवायचे. ती खुर्चीत बसायची नाही. जिथं तपासणीला जाईल तिथला चहा नाही, पाणीसुद्धा नाही, हा तिचा दंडक होता. आपली बाटली, आपली भाकरी, आणि खायला गेटाबाहेरचं झाड. मी एकदा चिडवलं होतं, "एवढं सोवळं आपल्या आज्जीनं पण पाळलं न्हाई गं." तर म्हणाली, "अण्णा, पाणी प्यालं की माणूस पावणा हुतो. पावण्याला घरातली घाण कशी दिसायची?" निपाणीकडच्या खेड्यांत ती मराठी बोलायची म्हणून ऑफिसातल्या काहींना ती पलीकडची, महाराष्ट्राची, वाटायची, आणि कागद कानडीत लिहायची म्हणून खेड्यातल्या काहींना ती सरकारची वाटायची. दोन्हीकडनं बोलणी खाऊन घरी यायची आणि हसत सांगायची. मला राग यायचा. तिला यायचा नाही.

आमच्या गल्लीतल्या डाईंगांचं पाणी आधी सरळ नाल्यात जायचं, हे काही लपवण्यासारखं नाही, सगळ्या वडगावानं बघितलंय. शकू माझ्या मागं लागली. तिचा भाग नव्हता, तरी बहीण म्हणून लागली. रोज फोन. शेवटी मी कंटाळून पाणी निवळायचे हौद बांधले, माझं बघून गल्लीतल्या बाकीच्यांनीही बांधले. आता पाणी निवळलं की खाली गाळ राहतो, आणि तो गाळ म्हणजे विषच. तो सरकारनं परवानगी दिलेल्या ठिकाणीच पाठवायचा, सोबत माल पाठवल्याची पावती, म्हणजे चलन, द्यायचं, आणि पोचल्याची सही घेऊन ते परत आलं की जपून ठेवायचं, असा नियम. आम्हांला हे झेंगट नको होतं. अशात एक कंत्राटदार आला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, जिथं लिहायचं तिथं ते लिहिलं गेलंय. पांढरा शर्ट, गोड तोंड. म्हणाला, "अण्णा, तुमी फकस्त पोती भरून तोंड बांधून ठिवा. टेंपो माजा, चलन माजं, शिक्का माजा." गल्लीतल्या सगळ्यांचीच पोती तो न्यायला लागला. महिन्याला शिक्का मारलेलं चलन यायचं, मी फाईलला लावायचो. पोती कुठं जातात हे मी एकदा विचारलं होतं. "जात्यात तिकडं, कंपनीत," म्हणाला. एवढ्यावर माझं समाधान झालं. खरं सांगू? मला समाधान करूनच घ्यायचं होतं.

कोगनोळीच्या अलीकडं, हायवेपासून आत, खडीची एक बंद पडलेली खाण आहे. तिचा निम्मा खड्डा कर्नाटकात, निम्मा महाराष्ट्रात. खाणीच्या खालच्या अंगाला पार्वताक्का नावाच्या एका विधवा बाईचं शेत आणि विहीर. दोन वर्षांमागं तिच्या विहिरीच्या पाण्याला तवंग यायला लागला, वास यायला लागला. आधी एक म्हैस गेली, मग वासरू गेलं. गावातल्या पोरांनी खाणीवर रात्रीचा पहारा ठेवला, काही सापडलं नाही. सापडणार कसं? टेंपो यायचे बाजाराच्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव निपाणीला गेलेलं असताना. पार्वताक्का अर्ज घेऊन इकडच्या ऑफिसात गेली तर म्हणाले, खड्डा तिकडचा. तिकडं गेली तर म्हणाले, विहीर तुमच्यात येते, तुमच्याकडंच जावा. अहो, ज्या हद्दीवरनं आमच्या भागात आजवर किती मोर्चे निघाले, किती बंद झाले, किती गाड्यांच्या काचा फुटल्या! गावागावावर हक्क सांगणारी दोन राज्यं, पण तो एक खड्डा आमचा म्हणायला कुणी पुढं येईना. कंत्राटदाराला हे बरोबर ठाऊक होतं. हद्दीवर टाकलेली घाण कुणाचीच नसते.

तो अर्ज फिरत फिरत शकूच्या टेबलावर आला. तिनं हद्दीचं नावच काढलं नाही. पलीकडच्या अधिकाऱ्याला स्वतः फोन केला, त्यालाही बोलावलं आणि दोघं मिळून खाणीत उतरले. आत शेकड्यानं पोती. कंत्राटदार हुशार, पोत्यांवरची सगळी छापील नावं त्यानं आधीच काळी करून टाकली होती. नुसता गाळ बघून तो कुणाचा ते ओळखणं अवघड, कारण इकडं रंगाचं काम करणारे ढीगभर आहेत. पंचनामा लिहायला घेतला, "अज्ञात इसमांनी" इथवर आला, आणि शकूची नजर एका पोत्याच्या तोंडावर गेली. माझी माणसं पोती सुतळीनं बांधत नाहीत. सुतळीला पैसे कोण घालतं? डाईंगमधलं तुटकं सूत असतंच हाताशी. आणि ते बांधताना हात आपोआप तीच गाठ मारतात, जी मी त्यांना शिकवली आणि आईनं मला शिकवली. दोन वेढे, फास, टोक उलट्या बाजूनं आत. नाव काळं करता येतं. गाठीकडं बघायचं त्या कंत्राटदाराच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. माझ्यासुद्धा आलं नव्हतं.

त्या खाणीत उभ्या असलेल्या माणसांत, खरं तर माझं डाईंग सोडून अख्ख्या जगात, ती गाठ वाचू शकणारं एकच माणूस होतं. तिनं खाली वाकून टोक हिसकलं, गाठ सुटली. मग तिनं पंचनाम्यातला "अज्ञात" शब्द खोडायला लावला आणि माझ्या डाईंगचं नाव घातलं. खाली लिहिलं, की डाईंगचा मालक माझा सख्खा थोरला भाऊ आहे, सबब त्याची तपासणी दुसऱ्या अधिकाऱ्यानं करावी.

तपासणीला बेळगावचे साहेब आले. गाठ दाखवण्यापुरती शकूही बरोबर होती. माझी बायको सवयीनं तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. माहेरी आलेली पोर, दारात पाणी देणार नाही तर काय करणार? शकू हळू आवाजात म्हणाली, "आज नको, वैनी." बस्स, माझं डोकंच फिरलं. चार माणसांत, आपल्या बापाच्या दारात, भावाच्या घरचं पाणी नको? साहेब हौदाकडं गेल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "तुज्याशिवाय ह्या जगात कुणाला कळली असती गं ती गाठ?"

"मला कळली न्हवं," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी म्हटलं, आजपासून तुझं माहेर संपलं. माझ्या तोंडून हे गेलं, आणि ती मान डोलवून गेटाबाहेर जाऊन आंब्याखाली उभी राहिली.

डाईंगला नोटीस लागली, काम दोन महिने बंद पडलं. त्यातून मी सावरलो. पण खरी गोष्ट पुढं होती. गल्लीत येणाऱ्या टेंपोवरनं संशय आला म्हणून कंत्राटदाराला बोलावलं, तर त्यानं हात वर केले, म्हणाला, मी या पोत्यांना शिवलोच नाही. आमच्या गल्लीतला कुणी बोलेना, कारण बोललं की स्वतःही अडकणार. तो असाच सुटला असता, दुसरी खाण शोधली असती, आणि पार्वताक्काची विहीर कुणी साफ करायची हा प्रश्नही तिथंच पडून राहिला असता. शकूला पाहिजे होता माझा जबाब: टेंपो कुणाचा, पोती कोण न्यायचं, चलन कोण आणून द्यायचं. तिनं निरोप पाठवले, फोन केले. तपासणीनंतरच्या पहिल्याच रविवारी, हातात काही कागद न घेता, बहीण म्हणून घरी पण आली. मी माडीवरनं खाली उतरलो नाही. खाली तिनं बायकोच्या हातचं पाणी मागून घेतलं, चहा घेतला, जेवली, हे मला नंतर कळलं. भाऊबीजेला मी गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात तिनं एकदा दुसऱ्याच्या फोनवरनं मला गाठलं. म्हणाली, "अण्णा, माज्याशी बोलू नको. ऑफिसात ये, दुसरा साहेब हाय, त्याच्याशी बोल. मी तवा भाईर जाऊन बसतो." आमच्याकडं बायकाही 'बसतो', 'जातो' म्हणतात, आई पण म्हणायची. मी म्हटलं, "तुज्या ऑफिसची पायरी चढणार न्हाई." आणि खरंच, इतक्या वर्षांत मी तिचं ऑफिस कधी बघितलंच नव्हतं. नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले, पण बहीण बसते कुठं, तिचं टेबल कसलं, हे बघावं असं कधी मनात आलं नाही. तेच आमचं शेवटचं बोलणं.

बाराव्या दिवशी दाजींच्या घरी माणसं बसली होती. एक म्हातारी दारात चपला काढून आत आली, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. ती पार्वताक्का. कोगनोळीकडनं दोन एसट्या बदलून आली होती. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारीच टेकली आणि शकूच्या फोटोकडं बघत मला सांगायला लागली, "लई चांगली बाई, बाबा. आमच्या हितं आली की आधी हिरीत वाकून बगायची. म्या म्हनायची, आता काय बगतीस, मेली ती हीर. तर म्हनायची, आक्का, दम धर. ज्यानं घान टाकली त्येचं नाव सांगनारा एक मानूस पायजे, एकच. मानूस गावला की हीर उपसून घेऊ." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "शेवटपतुर गावला न्हाई बग बाईला त्यो मानूस."

माझ्या हातात दाजींनी दिलेली कॉफी होती. ती मी तिच्यापुढं केली. मी तिला सांगू शकलो नाही की तो माणूस मीच, आणि तुझ्या विहिरीतलं विषही माझंच. भित्रा माणूस. घरात ओरडायला पुढं, आणि इथं एका म्हातारीला भ्यालो. ती जायला उठली तेव्हा मी पाया पडलो. तिला वाटलं, बहिणीच्या दुःखात आहे बिचारा.

चार दिवसांनी मी फाईल घेऊन, सगळी चलनं घेऊन, शकूच्या ऑफिसात गेलो. गल्लीतल्या लोकांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. एकानं तोंडावर म्हटलं, "बहिणीपायी आमास्नी बुडवतोस व्हय रं?" दुसऱ्यानं तेव्हापासून बोलणं टाकलंय. बायकोला विचारलं, डाईंग कायमचं बंद पडलं तर? ती म्हणाली, "बंद पडू दे. पर तुमचं ह्ये भुतागत बसनं बंद हू दे."

शकूच्या जागी आता धारवाडकडचा एक तरुण साहेब आहे. आम्ही कानडीतच बोललो. खोली लहान, एक खिडकी, तिच्यातनं शेजारच्या गॅरेजचा पत्रा दिसतो. इथं बसून माझ्या बहिणीनं एवढी वर्षं काढली तर! साहेबानं कपाटातनं खाणीच्या प्रकरणाची फाईल काढली, माझं नाव शोधत पानं उलटायला लागला आणि एका पानावर थांबला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्हांला कानडी वाचता येतं?" मी म्हटलं, वडगावचा आहे मी, येतंय की. त्यानं फाईल माझ्याकडं वळवली.

शकूचं अक्षर. दर पंधरा-वीस दिवसांनी तारीख टाकून एक ओळ. "साक्षिदाररु इन्नू बंदिल्ल. बरुत्तारे." साक्षीदार अजून आलेले नाहीत. येतील. खाली परत तारीख, परत तेच. साक्षीदार अजून आलेले नाहीत, येतील. पानभर, आणि मागच्या बाजूला अर्ध्यापर्यंत. मी भाऊबीजेला गेलो नाही त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती, तिथंही "येतील." मी फोनवर पायरी चढणार नाही म्हटलं, त्या आठवड्याची तारीख होती, तिथंही तेच. शेवटची ओळ ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

साहेब म्हणाला, "आम्ही लोक 'आले नाहीत' एवढंच लिहितो. 'येतील' असं कुणी लिहीत नाही. वरचे विचारतात ना, कशावरनं म्हणून."

मी जबाब दिला. नाव, टेंपो, चलनं, किती वर्षं, सगळं. माझी चूक पण सांगितली, पोती कुठं जातात ते मुद्दाम विचारलं नाही म्हणून. शेवटी साहेबानं विचारलं, "हे आधी का सांगितलं नाही?" नियमानं विचारावं लागतं म्हणाला.

"बहिणीवर राग होता."

त्यानं विचारलं, "असंच लिहू?"

"असंच लिव्हा."

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. मग त्यानं ते पान परत उघडलं आणि शकूच्या शेवटच्या ओळीखाली आजची तारीख टाकून एकच शब्द लिहिला, "बंदिद्दारे." आले आहेत. मी बराच वेळ ते पान सोडलं नाही. साहेबानंही मागितलं नाही... आलो गं शकू. पायरी चढून आलो.